दादा, फियाट खरवडू नकोस

गेल्या रविवारी सांगलीहून दादाचा फोन आला. (नव्या वाचकांसाठी: दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. आंब्याच्या पेट्यांवरच्या लेखात येऊन गेलाय.) आवाजात उत्साह मावत नव्हता. "अरे, बाबांची फियाट बाहेर काढतोय. पार नवी करून टाकतो बघ! पत्र्यापर्यंत खरवडायची, मेटॅलिक लाल मारायचा, आत क्रीम कलरची सीटं, एसी, जमलं तर इंजिनच मारुतीचं. पोरीची वरात त्याच गाडीतून. पेंटरला वीस हजार ॲडव्हान्स पण देऊन आलो."

मी "वा वा" म्हणालो आणि फोन ठेवला. फोनवर मला भांडता येत नाही. लहानपणापासून दादासमोर तर अजिबातच येत नाही. रात्री झोप लागेना म्हणून शेवटी हे लिहायला बसलो. दादा हे वाचतो, वहिनी तर नक्की वाचतात, आणि आत्या वाचून सगळ्यांना फोनवर सांगते. तेव्हा जे काय आहे ते इथेच.

दादा, गाडी नवी करू नकोस. चालू कर, दुरुस्त कर, पूस, फिरव. पण नवी करू नकोस.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. आपल्या घरात सगळे तिला "डुक्कर फियाट" म्हणतात ते चूक आहे. डुक्कर म्हणजे तिच्या आधीची, पन्नाशीतली गोलमटोल. काकांची आहे ती १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये, म्हणजे वालचंद हिराचंदांच्या कंपनीत, बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला गिअर, पुढं सलग बाक. काकांनी नंबर लावून सहा वर्षं वाट बघितली होती. त्या काळात पैसे असले तरी गाडी मिळायची नाही, रांगेत उभं राहावं लागायचं. त्या सहा वर्षांत त्यांचं लग्न झालं, दादा झाला, आणि मग गाडी आली. काकू अजून म्हणतात, "दोघं एकाच वर्षी रांगायला लागले."

आता मुद्दा.

जुन्या गाड्यांच्या नादात मी वीसेक वर्षं आहे. या नादात दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात "भंगारात घाला", दुसरे म्हणतात "जुनं ते सोनं". पहिल्यांशी माझं भांडण नाही, ते निदान सरळ आहेत. माझं भांडण दुसऱ्यांशी आहे. जुनं ते सोनं म्हणायचं आणि मग पॉलिश पेपर घेऊन ते सोनं घासून काढायचं! रॅलीला जा, प्रदर्शनाला जा, ओळीनं उभ्या असलेल्या गाड्या बघा. रंगात तोंड दिसतंय, बंपर आरशासारखे, आत हिऱ्याच्या डिझाइनची शिलाई मारलेली सीटं, डॅशबोर्डला लाकडाचं स्टिकर. मालक अभिमानानं सांगतो, "शोरूममधून निघाली तेव्हा अशीच होती." अहो, नव्हती हो! १९६६ साली कुर्ल्यातून निघालेल्या गाडीच्या दोन दारांमधल्या फटीसुद्धा सारख्या नसायच्या. रंगावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे असायचे. आपण जी "मूळ" गाडी म्हणून बनवतो ती कधी अस्तित्वातच नव्हती.

आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळांचं काय केलं ते आठवा. आठशे वर्षांचं देऊळ, त्यावर गावानं वर्गणी काढून गुलाबी ऑइलपेंट मारायचा. भक्तीत खोट नसते, पैसाही खरा असतो, आणि कोरीव काम बुजून जातं ते जातंच. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ मध्ये काढला तेव्हा आतलं मूळ रूप बघून लोकांना भरून आलं होतं. शेंदराखालचं निदान सुरक्षित राहतं. आपल्या गाडीचं उलट आहे, आपण आधी खालचं काढून टाकतो आणि मग वर शेंदूर फासतो.

मी हे वरच्या आसनावर बसून बोलत नाहीये. मी स्वतः हे पाप केलंय. घरच्यांना माहीत आहे, पण पूर्ण कोणाला सांगितलं नव्हतं.

आण्णांची पद्मिनी १९७८ ची होती. राखाडी. २००९ मध्ये त्यांच्या पंचाहत्तरीला "सरप्राइज" म्हणून मी ती पुण्यातल्या एका गॅरेजला दिली. पाच महिने गाडी तिथं होती. मी दर शनिवारी जाऊन फोटो काढायचो, मित्रांना दाखवायचो. सँडब्लास्टिंग करून सगळा रंग उडवला, लांबी भरली, मरून मेटॅलिक मारला. स्टिअरिंग जुनाट दिसत होतं म्हणून छोटं, स्पोर्टी बसवलं. जुन्या स्टिअरिंगला आण्णांनी हिरव्या प्लॅस्टिकच्या वायरीची वेणी गुंडाळली होती, तशी तेव्हा सगळेच ड्रायव्हर गुंडाळायचे. दहा वाजून दहा मिनिटांच्या जागी ती वेणी झिजून काळी गुळगुळीत झाली होती. डॅशबोर्डच्या पत्र्यावर आईनं चिकटवलेला शेगावच्या महाराजांचा फोटो होता, त्याच्याभोवतीचा रंग उन्हानं उडाला होता आणि फोटोच्या खाली मूळ राखाडी तसाच होता. मागच्या दाराला आतून माझ्या बुटाचे ओरखडे होते, घाटात उलटी येतेय म्हणून लाथा झाडल्याचे.

आण्णा आले. गाडीभोवती एक फेरी मारली. "छान झालीय," म्हणाले. आत बसले, दार लावलं, परत उघडलं, परत लावलं. मग विचारलं, "जुनं स्टिअरिंग कुठंय रे?"

गॅरेजवाल्याला फोन केला. "ते भंगारात गेलं साहेब, तुम्हीच म्हणालात सगळं नवं टाका." बरोबर होतं त्याचं. मीच म्हणालो होतो.

तीन रविवार जुन्या बाजारात हिंडलो. पद्मिनीची स्टिअरिंगं मिळतात हो, त्यात काय! एक आणलं, बसवलं. आण्णा काही बोलले नाहीत. गाडी मात्र त्यानंतर त्यांनी फार चालवली नाही. गुडघे दुखतात म्हणायचे. दुखतही असतील.

आणि हे सगळं करून गाडी सुधारली तरी का? दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड आले. कारण काय, तर दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात, ती लांबीनं बुजवली होती. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी दाराच्या पोटात साठलं आणि पत्रा आतून खाल्ला. खाली जो डांबरासारखा जाड थर मारतात, "अंडरकोटिंग केलंय साहेब, दहा वर्षं बघायला नको", तो जुन्या गंजावर तसाच मारला होता. त्या थराखाली ओल कोंडली. सँडब्लास्टिंगनं बोनेटच्या सपाट पत्र्याला लहरी पडल्या होत्या, त्या लपवायला दोन-तीन मिलिमीटर लांबी. लोहचुंबक लावून बघा कधी अशा चकचकीत गाड्यांना. निम्म्या ठिकाणी चिकटत नाही. एकतीस वर्षं जो मूळ पत्रा टिकला होता, तो आम्ही दोन वर्षांत घालवला.

मूळ रंग म्हणजे नुसता रंग नसतो. कारखान्यात पत्र्याला चिकटलेला तो पहिला थर असतो. पुढच्या पन्नास वर्षांत कुठं काय झालं याची नोंद त्यातच असते. फिकट झालेला ड्युको हातानं, मऊ कापडानं, थोड्या रबिंग कंपाउंडनं घासला तर आश्चर्य वाटेल इतका वर येतो. जिथं अगदी पातळ झालाय तिथं सोडून द्यायचा. मेण लावायचं. झालं. याला साडेतीन लाख लागत नाहीत. एक दिवाळीची सुट्टी लागते.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, २०१२ मध्ये ट्युरिन सनद म्हणून एक दस्तऐवज मंजूर केला. त्याचा सगळा भर यावर आहे की आहे ते जपा, बदलायचंच असेल तर असं बदला की उद्या कोणाला ते उलटं फिरवता येईल. अमेरिकेत पेबल बीचला, जिथं जगातल्या सगळ्यात नटलेल्या गाड्या येतात, २००१ पासून न नटवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग आहे. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळातून २००९ मध्ये एक १९२५ ची बुगाटी वर काढली. अनेक दशकं पाण्यात होती, एक बाजू पार कुजलेली. पुढच्या वर्षी पॅरिसला लिलाव झाला, अडीच लाख युरोंच्या वर गेली. घेणाऱ्यानं ती तशीच्या तशी संग्रहालयात मांडली. त्याच्याकडे रंगाला पैसे नव्हते असं वाटतं का तुम्हाला?

आणि आपल्याच देशातलं उदाहरण हवं असेल तर दिल्लीत लालबहादूर शास्त्रींच्या स्मारकात त्यांची फियाट आहे. १९६४ ची, आपल्या काकांच्या गाडीची थोरली बहीण. बारा हजारांची गाडी, सात हजार जवळ होते, पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून. शास्त्रीजी १९६६ मध्ये गेले आणि उरलेलं कर्ज ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. त्या गाडीपुढं माणसं थांबतात ती रंगात तोंड बघायला नव्हे. आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की सगळ्यांना महाराजांच्या रोल्स-रॉइस दिसतात. त्यांचं कौतुक करायला पुष्कळ जण आहेत. मास्तरांनी, डॉक्टरांनी, काकांसारख्या पाटबंधारे खात्यातल्या इंजिनिअरांनी हप्त्यानं घेतलेल्या फियाटी कोण सांभाळणार? मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. पेपरात हळवे लेख आले, दोन दिवस. टॅक्स्या होत्या तोवर पार्ट मिळायचे. आता पंपाचं किट, ब्रेकची रबरं यासाठीसुद्धा मला कुर्ल्याला दोन-दोन खेपा माराव्या लागतात.

"मग तू म्हणतोस गंजलेली ठेवू?" असं दादा म्हणणार, मला ऐकू येतंय. नाही. गंज ही आठवण नाही, तो रोग आहे. आणि या गाडीच्या बाबतीत तो फार गंभीर रोग आहे, कारण फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. खालची फरशी, दारांखालच्या पट्ट्या आणि वरचा सांगाडा मिळूनच तिची हाडं होतात. दाराखालची पट्टी खाल्ली गेली असेल तर तेवढी कापून नवा पत्रा जोडायलाच हवा, आणि तो जोडताना गाडी नीट टेकवून ठेवायला हवी, नाहीतर मधूनच बसते आणि मग दारं लागत नाहीत. हे काम करणारा मिस्त्री शोध, त्याला भरपूर पैसे दे. हे दिसत नाही म्हणून लोक यावर खर्च करत नाहीत, सगळा पैसा दिसणाऱ्या भागावर.

ब्रेकमध्ये हयगय नको, तेही सांगून ठेवतो. चारी चाकांचे सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या नवीन. पुढं सीटबेल्ट लावून घे, मी वाद घालणार नाही. पेट्रोलच्या नळ्या तर बदलाव्याच लागतील. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ते जुन्या रबराला आणि पंपाच्या पडद्याला मानवत नाही, हवेतली ओल ओढून घेतं, टाकीच्या तळाचा जुना चिकटा सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून घालतं. इथेनॉलला चालणारं रबर मिळतं, ते घाल. मूळ नळी म्हणून फुटकी नळी ठेवण्याइतका मी खुळा नाही. पण ती नळी उद्या काढता येते. मारुतीच्या इंजिनासाठी कापलेला इंजिनखालचा पत्रा परत येत नाही.

आणि त्या इंजिनाचं म्हणशील तर ते नको, नको, नको. भावनेचं सोड, व्यवहार बघ. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये नियम केले, पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. काकांची गाडी आज त्यात चपखल बसते. इंजिन बदललंस की बसणार नाही. मग ती ना जुनी ना नवी, धड कागदावरही कशातच नाही.

(त्या नियमावर माझा राग वेगळाच आहे. नवीन नोंदणीला वीस हजार फी, ते एक वेळ ठीक. पण अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, बस्स. म्हणजे मंडईत जायचं नाही! गाडी जपायची असेल तर चालवू नका, असं सांगणारा कायदा. उभी गाडी मरते हो. रबरं वाळतात, क्लचप्लेट चिकटते, ब्रेक जाम होतात. आणि नेहमीची नोंदणी पुढं वाढवायला जा, तर वीस वर्षांवरच्या गाडीची फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार केली. धुराचं म्हणाल तर कबूल आहे, जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर करतं. माझी पद्मिनी वर्षाला पाचशे किलोमीटर चालते, चाळीस-पंचेचाळीस लिटर पेट्रोल. तेवढं एखादी मोठी नवी एसयूव्ही महिन्यात पिते आणि तिला कोणी प्रश्न विचारत नाही. असो. यावर वेगळं लिहीन, नाहीतर दादा वाचता वाचता झोपेल.)

वरातीचं मला कळतं. पोरीची हौस आहे, फोटो चांगले यायला हवेत, व्याह्यांसमोर जुनाट गाडी कशी न्यायची. पण मेटॅलिक लाल फियाट तर प्रत्येक मोठ्या शहरात लग्नाला भाड्यानं मिळते. पाच-सात हजारांत. फुलं लावूनच देतात. तीच हवी असेल तर ती आण, खरंच. साडेतीन लाख खर्चून भाड्याच्या गाडीसारखी गाडी कशाला बनवायची?

काकांची गाडी फिकट निळी आहे. डाव्या मडगार्डवर एक पोचा आहे, तो १९७४ साली काकूंनी गाडी शिकताना विहिरीच्या कठड्याला ठोकला तेव्हाचा. काकांनी तो मुद्दाम काढला नव्हता. "कोणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं," म्हणायचे. डिकीत एक डालडाचा डबा असेल, त्यात एक फडकं. कुंभार्लीच्या चढाला गाडी तापली, पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढेनासा झाला की ते फडकं ओलं करून पंपावर टाकायचं. ते काम माझं असायचं. तू मोठा म्हणून दगड लावायचास चाकाला. एसी बसवलास की तो डबा कुठं ठेवणार?

तर दादा, असं कर. पेंटरला सांग, महिनाभर थांब. तो पैसे परत द्यायचा नाही, मला माहितीय. बुडाले तर निम्मे मी देतो. गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नकोस, २०११ पासून उभी आहे. आधी प्लग काढून चारी भोकांतून थोडं थोडं ऑइल सोड आणि दोन दिवस तसंच राहू दे, म्हणजे रिंगा सुटतील. मग इंजिन हातानं फिरवून बघू. टाकीतलं जुनं पेट्रोल काढ, पण घरापासून लांब. पाण्यानं धुऊ नकोस. आतलं काहीही, अगदी काहीही, फेकू नकोस. सीटखालच्या चिंध्यासुद्धा.

मी येत्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येतोय. कंपाउंड, मेण आणि पंपाचं किट घेऊन येतो. वहिनींना म्हणावं जुनी मऊ धोतरं काढून ठेवा, काकांची असली तर उत्तम, ड्युकोला त्यापेक्षा चांगलं कापड नाही. आणि काकूंना त्या पोच्याबद्दल विचारलंस का? विचार एकदा. पेंटर यायच्या आधी.